किनाऱ्यावरून सर्फिंगचे फोटो : आधी जागा, मग कॅमेरा

ससिहित्लूच्या वाळूवर पहिल्यांदा कॅमेरा घेऊन उभी राहिले, तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. मंगळुरूच्या उत्तरेला, मुल्कीजवळ, शांभवी आणि नंदिनी या दोन नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात, तिथला हा किनारा. समोर आठ-दहा सर्फर होते, लाटा कमरेएवढ्या होत्या आणि माझ्या हातात ७०-३०० ची लेन्स होती. दीड तासात सहाशे फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर बघितले, तर त्यात ठेवावा असा एकही नव्हता. चकाकणारं पांढुरकं पाणी आणि त्यात काळे ठिपके. कोणाचा चेहरा दिसत नव्हता आणि लाटेला उंचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिथेच परत गेले. कॅमेरा आणि लेन्स तेच, सर्फरही बहुतेक तेच. फरक दोनच होते : सूर्य आता माझ्या पाठीशी होता, आणि एका स्थानिक मुलाच्या सांगण्यावरून मी शंभरेक पावलं उजवीकडे सरकले होते. त्या सकाळचे अकरा फोटो आजही माझ्याकडे आहेत.

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की सर्फिंगचा फोटो बटण दाबायच्या बराच आधी ठरतो. म्हणून हा लेख लेन्सपासून सुरू होत नाही. ती चौथ्या पायरीवर येईल.

पहिली पायरी : आपली सावली कुठे पडते ते बघा

वाळूवर पोचलात की समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि खाली बघा. तुमची सावली पाण्याकडे पडत असेल, तर उजेड सर्फरच्या अंगावर आणि लाटेच्या भिंतीवर पडतो आहे. सावली तुमच्या मागे पडत असेल, तर समोर दिसणाऱ्या सगळ्या गोष्टींची काळी बाजू तुमच्याकडे आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे कोकण, गोवा, कर्नाटक आणि केरळमध्ये, सकाळ ही फोटोची वेळ. सूर्य जमिनीच्या बाजूने येतो. माडांच्या किंवा डोंगराच्या सावलीमुळे किनारा अजून काळोखात असतो, तेव्हा आत पाण्यावर ऊन पोचलेलं असतं. सूर्योदयानंतर साधारण अर्ध्या तासापासून पुढचे दोन तास हा उजेड मिळतो. त्यात वाऱ्याचीही साथ असते. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे खरोखर उपयोगी पडतात. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून पहाटे मतलई वारा समुद्राकडे वाहतो. तो येणाऱ्या लाटेला समोरून धरून ठेवतो, त्यामुळे ती उशिरा आणि उभी फुटते, भिंत गुळगुळीत राहते आणि माथ्यावरून तुषार मागे उडतात. दहा-अकराच्या सुमारास खारा वारा सुरू झाला की पाणी खडबडीत होतं आणि लाटा लवकर कोसळतात. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर चांगला उजेड आणि चांगला वारा एकाच वेळी हाती लागतात. ही सकाळ झोपेत घालवू नका.

पूर्व किनाऱ्यावर हे जुळत नाही. चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम आणि महाबलीपुरमच्या पट्ट्यात भारतातलं सर्फिंग जोमात वाढलं आहे, आणि आपल्याकडून तिथे जाणारेही बरेच आहेत. तिथे पहाटे मतलई वारा असतो, पाणी सुंदर असतं. पण सूर्य थेट डोळ्यांत येतो. पाठीशी सूर्य येतो तो दुपारनंतर, आणि तोवर खाऱ्या वाऱ्याने लाटा विस्कटलेल्या असतात. यावर दोन उपाय आहेत. पहाटेचा उलटा उजेड मुद्दाम वापरायचा (त्याबद्दल पुढे सांगते), किंवा सूर्य बाजूला राहील अशी जागा शोधायची. मे ते जुलैमध्ये तिथे सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो. तेव्हा फुटणाऱ्या लाटेच्या उत्तरेला उभं राहून आग्नेयेकडे बघितलं, तर उजेड बाजूने मिळतो. डिसेंबरात नेमकं उलट होतं : सूर्य आग्नेयेला असतो आणि तीच जागा निरुपयोगी ठरते. कोवलमला जानेवारीत चांगले फोटो मिळाले नाहीत म्हणून किनाऱ्याला नावं ठेवू नका, मे महिन्यात परत जा. दक्षिणेकडून येणाऱ्या मोठ्या लाटाही त्याच सुमारास सुरू होतात.

दुसरी पायरी : पंचांग उघडा

मालवणात मामांकडे मी हा हिशोब शिकले : तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना तिथी एकपासूनच मोजायची. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, पुढे पुन्हा भरती. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे तास-पाऊण तास पुढेमागे होतो आणि तो फक्त आपल्या किनाऱ्यापुरता धरायचा; तमिळनाडूत चालत नाही. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर मिळते. पण पुढच्या महिन्यात कोणत्या शनिवारी जावं हे दिनदर्शिका बघून एका मिनिटात ठरवायला हा हिशोब फार उपयोगी पडतो.

फोटो काढणाऱ्याने भरतीची काळजी का करावी? लाट किती लांब फुटणार हे भरती ठरवते म्हणून. पाणी उथळ होतं तिथे लाट फुटते. सुकतीला वाळूचे बांध दूरवर उघडे पडतात आणि लाटा तिथेच फुटतात. सर्फर दीडशे मीटरवर असतो, आणि तुमची लेन्स कितीही मोठी असली तरी कमी पडते. भरतीला तेच साठ-सत्तर मीटरवर येतात. मात्र पूर्ण भरतीला काही किनाऱ्यांवर लाट न फुटता फुगून येते आणि एकदम काठावर आपटते. ती वेळ सर्फरच्याही उपयोगाची नसते. माझ्या अनुभवात पश्चिम किनाऱ्यावरची सर्वांत कामाची वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास, आणि ते सकाळी साडेसहा ते साडेआठमध्ये पडले तर आणखी काही नको. म्हणजे दशमी, एकादशी, द्वादशी. उधाणाच्या दिवशी, पौर्णिमा-अमावास्येला, सकाळी सातला पाणी नुकतंच सुकतीवरून परत फिरलेलं असतं आणि लाटा लांब असतात.

उत्तरेकडे जाल तसा हा फरक वाढतो. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, गोव्यात दोन मीटरच्या आसपास, चेन्नईकडे एक मीटर. कोवलमला तुम्ही दिवसभर एकाच जागी उभे राहू शकता; कोकणात पाण्याबरोबर तुम्हालाही मागेपुढे व्हावं लागतं.

ऋतूबद्दल थोडक्यात सांगते. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. अनुभवी सर्फर तेव्हाही जातात, पण आकाश करडं आणि लेन्स सतत ओली. ऑक्टोबर ते मार्च लाटा लहान, स्वच्छ आणि शिकणाऱ्यांसाठी उत्तम असतात. एप्रिल-मेमध्ये पावसाआधीच्या लाटा मोठ्या होऊ लागतात. मला सर्वांत आवडतो तो नारळी पौर्णिमेनंतरचा काळ, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर : लाटांत अजून दम असतो आणि पावसाने हवा धुतलेली असते.

तिसरी पायरी : अर्धा तास फक्त बघा

कॅमेरा पिशवीतच राहू द्या. हे मी प्रत्येकाला सांगते आणि जवळजवळ कोणीच ऐकत नाही.

लाटा एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ लहान लाटा येतात, मग तीन ते सात मोठ्या लाटांचा एक सेट येतो, पुन्हा शांतता. घड्याळ लावून दोन सेटमधला वेळ मोजा. दहा-बारा मिनिटं येत असेल, तर दर दहा मिनिटांनी कॅमेरा डोळ्याला लावून तयार राहायचं, मधल्या वेळात हातांना विश्रांती द्यायची. सेट येतो आहे हे सर्फरना तुमच्या आधी कळतं, कारण ते पाण्यात पुढे बसलेले असतात. बोर्डवर बसून गप्पा मारणारी मुलं अचानक पोटावर आडवी होऊन आत, क्षितिजाकडे हात मारू लागली, की वीस-तीस सेकंदांत मोठी लाट येणार. ही खूण माझ्या बाबतीत कधी चुकलेली नाही.

मग लाट कुठल्या बाजूला फुटत जाते ते बघा. डावी-उजवी ही नावं सर्फरच्या बाजूने दिलेली असतात, किनाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे ‘राइट’ लाटेवरचा सर्फर आपल्याला डावीकडे जाताना दिसतो आणि ‘लेफ्ट’वरचा उजवीकडे. तुम्ही त्याच्या जाण्याच्या बाजूला सरकून उभे राहा. मग तो तुमच्या दिशेने येतो, लाटेची भिंत त्याच्या मागे उघडलेली दिसते आणि फेस पार्श्वभूमीला जातो. ससिहित्लूला त्या मुलाने मला उजवीकडे नेलं ते यासाठीच : लाटा लेफ्ट होत्या. आधी मी लाट फुटायला सुरुवात होते तिथेच समोर उभी होते आणि मला दरवेळी निघून जाणाऱ्या माणसाची पाठ मिळत होती.

आता पायांकडे बघा. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्याला गूफी. रेग्युलर सर्फर राइट लाटेवर गेला, की त्याचं तोंड लाटेकडे आणि पाठ किनाऱ्याकडे असते. तोच लेफ्टवर गेला, की छाती आणि चेहरा तुमच्याकडे. गूफीचं नेमकं उलट. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी लेफ्ट लाटेवर रेग्युलर सर्फर असेल, तर पूर्वेचं कोवळं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडतं. किनाऱ्यावरून याहून चांगला योग मला माहीत नाही. म्हणून पाण्यातल्या आठ जणांपैकी कोण रेग्युलर, कोण गूफी, कोणाची चड्डी लाल आणि कोणाचा बोर्ड पिवळा, हे सगळं त्या अर्ध्या तासात डोक्यात बसवा. पुढे सेटमध्ये तिघं एकदम उठतात तेव्हा कोणाच्या मागे जायचं हे ठरवायला एक सेकंदही मिळत नाही.

शेवटी उंची. गुडघ्यावर बसून, कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आणला, तर कमरेएवढी लाट क्षितिजाच्या वर येते आणि डोक्याएवढी भासते. आपल्याकडच्या लहान लाटांसाठी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. काठावर छोट्या लाटा फुटत असतील, तर त्या मध्ये येऊन सर्फरचे पाय कापतात. अशा वेळी वाळूच्या उंचवट्यावर जा. केरळात वर्कलाला कड्यावरून बघितलं तर वेगळाच फोटो मिळतो : एकामागून एक येणाऱ्या लाटांच्या रेषा आणि त्यांत एवढासा माणूस. तिथे लाटेची उंची दिसत नाही, समुद्राची विशालता दिसते. काय दाखवायचं आहे ते ठरवून उंची निवडा.

पोर्तुगालमध्ये नाझारेला लोक किल्ल्यावर उभे राहून महाकाय लाटांचे फोटो काढतात. सेबास्टियन श्टॉइटनरने २९ ऑक्टोबर २०२० ला तिथे घेतलेली लाट २६.२१ मीटरची ठरली, तो जागतिक विक्रम झाला. अशा लाटांची उंची चित्रांवरून काढतात आणि त्यात सर्फरचं शरीरच मोजपट्टी म्हणून वापरतात. आपल्या तीन फुटी लाटेलाही तेच लागू आहे. सर्फर पायापासून डोक्यापर्यंत दिसला आणि त्याच्यासोबत लाटेचा तळ आणि माथा दोन्ही चौकटीत असले, तरच बघणाऱ्याला लाट किती मोठी होती ते कळतं. सर्फरला जवळ ओढून त्याचा चेहरा आणि खांदे तेवढे ठेवले, तर तो कुठेही उभा असू शकतो.

चौथी पायरी : लेन्स किती लागते, याचा हिशोब

फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी, म्हणजे ज्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, साधं गणित आहे. सर्फरचं अंतर मीटरमध्ये घ्या, ३६ ने गुणा, फोकल लेंग्थने (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याने) भागा. तेवढे मीटर रुंद दृश्य चौकटीत बसेल. ८० मीटरवरचा सर्फर आणि ४०० ची लेन्स : साधारण सात मीटर रुंद, पावणेपाच मीटर उंच. त्यात माणूस, बोर्ड आणि कमरेएवढी लाट ऐसपैस बसते. क्रॉप सेन्सर, म्हणजे त्याहून लहान सेन्सर असेल, तर फोकल लेंग्थ आधी दीडपट करा (कॅननला १.६ पट). म्हणजे साध्या ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्सवर क्रॉप सेन्सरने ऐंशी मीटरवर सहा ते आठ मीटरची चौकट मिळते. भरतीच्या वेळी एवढं पुरेसं आहे. १५०-६०० घेण्याआधी भरतीचं वेळापत्रक पाळून बघा; माझे निम्म्याहून अधिक आवडते फोटो ३०० वर काढलेले आहेत.

शटरचा वेग १/१००० सेकंदाहून मंद नको. वळताना उडणारे तुषार थेंबाथेंबाने हवे असतील तर १/१६०० किंवा १/२०००. अॅपर्चर एफ ५.६ ते एफ ८.

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा, हे आग्रहाने सांगते. कॅमेऱ्याचा मीटर समोर दिसेल त्यावर विश्वास ठेवतो. चौकटीत फेस जास्त आला, की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो सगळं काळवंडून टाकतो. पुढच्याच क्षणी फेस मागे राहून गडद पाणी आलं, की तो उजेड वाढवतो आणि तुषारांची पांढरी चादर होते. प्रत्यक्षात ऊन तेवढंच असतं. फिल्मच्या काळापासूनचा हिशोब असा : भर उन्हात एफ १६ ला शटर आयएसओच्या आकड्याएवढं. आयएसओ ४०० ला १/४००. तेच एफ ८ ला १/१६००. समुद्राचं पाणी आणि फेस उजेड परत फेकतात, म्हणून शटर त्याहून थोडं जलद, १/२००० ते १/२५००. सकाळी सातला ऊन कोवळं असतं तेव्हा आयएसओ ८०० आणि एफ ५.६ वर १/१६०० पासून सुरू करा. फेसाचा एक फोटो काढा, जळालेला, म्हणजे तपशील जाऊन पांढराफटक झालेला भाग चमकून दाखवण्याची सोय चालू करा. फेस मोठ्या भागात चमकत असेल तर शटर आणखी जलद करा. एखाद-दुसरा थेंब चमकला तर चालेल. सकाळी उजेड भराभर वाढतो, दर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. फाइल रॉमध्येच घ्या, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल.

फोकस कंटिन्युअस ठेवा : कॅननवर एआय सर्व्हो, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी. फोकसचा भाग मध्यभागी लहानसा गट ठेवा. पूर्ण चौकट दिली, तर कॅमेरा पुढे उडालेल्या फेसाला पकडतो. ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे सर्फर क्षणभर लाटेआड गेला तरी फोकस उडी मारत नाही. फोकस मागच्या बटणावर घेण्याची सवय लावली, तर दुसऱ्या बोटाला फक्त क्षण पकडायचं काम उरतं. मला ही सवय लागायला चार दिवस लागले.

पाचवी पायरी : क्षण

सर्फर लाटेवर उभा राहिला की नवखा फोटोग्राफर बटण दाबून धरतो आणि लाट संपेपर्यंत सोडत नाही. नेमकं मोठं वळण येतं तेव्हा कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी भरलेली असते.

त्याऐवजी वळणांची लय शिका. सर्फर लाटेच्या तळाशी उतरतो आणि गुडघे वाकवून, एक हात पाण्याजवळ नेऊन वळतो : हा बॉटम टर्न. तिथून तो वर चढतो आणि माथ्यावर बोर्ड फिरवतो, तुषारांचा पंखा उडतो : हा टॉप टर्न. पहिलं वळण दुसऱ्याची वर्दी देतं. तळाशी वाकलेला दिसला की दोन फोटो, मग मनात ‘एक’ म्हणा, आणि माथ्यावर पोचताना चार-पाच. एवढंच. शरीर सर्वांत ताणलेलं असतं ते वळण सुरू होताना, पूर्ण झाल्यावर नाही. म्हणून किंचित आधी दाबा.

२९ जुलै २०२४ ला, पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग ताहितीतल्या तेआहुपोला चालू असताना, एएफपीचे छायाचित्रकार जेरोम ब्रुये यांनी गॅब्रिएल मेदिनाचा तो फोटो काढला : माणूस हवेत ताठ उभा, बोट आकाशाकडे, शेजारी बोर्डही तसाच सरळ उभा. तो फोटो बोटीतून काढलेला आहे, किनाऱ्यावरून नाही. पण त्यातला धडा आपल्यासाठीच आहे. मेदिना लाट संपताना तिच्या मागे बाहेर पडेल आणि काहीतरी जल्लोष करेल, हे त्यांना ठाऊक होतं. ते त्या जागेवर नजर ठेवून थांबले आणि अवघे चार फोटो काढले. त्यातला एक जगभर गेला. म्हणून सर्फर लाट सोडतो तेव्हाही कॅमेरा खाली आणू नका. पडणं, हसणं, मित्राने मारलेली आरोळी, सगळं त्या शेवटच्या दोन सेकंदांत असतं.

शिकणाऱ्यांचे फोटो काढत असाल, तर वळणं शोधू नका. आयुष्यात पहिल्यांदा बोर्डवर उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा हाच त्या फोटोचा विषय. ती मंडळी काठाजवळच्या फेसाळ पाण्यात, तुमच्यापासून वीस मीटरवर असतात. मोबाइलसुद्धा पुरतो. फक्त डिजिटल झूम टाळा, लेन्सची जी खरी झूम असेल तेवढीच वापरा, आणि स्क्रीनवर फेसाला बोट लावून एक्स्पोजर कुलूपबंद करा. ओल्या वाळूत बोर्ड घेऊन चालणाऱ्यांचं प्रतिबिंबही मोबाइलवर फार सुरेख येतं.

उलट्या उजेडाचं राहिलं होतं. पश्चिमेला संध्याकाळी आणि पूर्वेला पहाटे सूर्य समोर असतो, तेव्हा तपशिलाचा नाद सोडा आणि आकार पकडा. एक्स्पोजर आकाशावर घ्या, माणूस काळा पडू द्या. हात अंगापासून सुटे, पाय वेगळे दिसत असतील तेव्हाच दाबा. अंग चोरून उभा असलेला सर्फर छायाकृतीत खांबासारखा दिसतो. सूर्य खाली असताना उठणाऱ्या लाटेची पातळ कड उजेडाने आरपार हिरवी होते. ती अर्धा सेकंदच टिकते. त्यासाठी मी एकदा कोवलमला तीन पहाटा थांबले, आणि पुन्हा थांबेन.

वाळू, मीठ आणि माणसं

लेन्स घरी किंवा खोलीवरच लावा. किनाऱ्यावर बदलू नका. एसी खोलीतून दमट हवेत आणलेली काच धुरकटते, म्हणून निघण्याआधी अर्धा तास पिशवी तशीच बंद, एसीबाहेर ठेवा. पुढच्या काचेवर खारे थेंब आले तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मऊ कापड. परत आल्यावर कॅमेरा, लेन्स आणि मोनोपॉड त्याच कापडाने पुसून घ्या आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. कोकणच्या हवेत लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. नऊ-दहानंतर वाळू तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्सवर सगळं मऊ येतं. तो फोकसचा दोष नसतो. पाण्याच्या काठाशी, ओल्या वाळूवर जाऊन बघा. तरीही तसंच असेल तर नाश्त्याला जा.

फोटो काढण्याआधी सर्फरशी बोला. मुलं असतील तर पालकांना किंवा शिकवणाऱ्यांना विचारा. पाण्यातले कपडे अंगावर असताना आपला फोटो कुठे जाणार हे जाणण्याचा प्रत्येकाला, विशेषतः मुलींना, हक्क आहे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटे रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल, तर दोराच्या मध्ये उभे राहू नका. त्यांचं पोट आणि दिवस त्या दोरावर आहे, आपला छंद थांबू शकतो. मोरजी, आगोंदसारख्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कुंपण केलेल्या घरट्यांपासून लांब राहा आणि अंधारात टॉर्च किंवा फ्लॅश मारू नका. नदीच्या मुखाशी प्रवाह जोरदार असतो, तिथे एक डोळा व्ह्यूफाइंडरला लावून गुडघाभर पाण्यात शिरायचं धाडस करू नका.

घरी आल्यावर

त्याच रात्री निवड करू नका. दोन दिवसांनी करा. आधी क्षितिज सरळ आहे का बघा. समुद्राच्या फोटोत अर्ध्या अंशाचा कलही डोळ्याला खुपतो. मग तीन प्रश्न : चेहरा किंवा शरीराची रेषा स्पष्ट आहे का, लाटेचा आकार कळतो का, सर्फरच्या पुढे जायला जागा आहे का? दोन ‘हो’ असतील तर ठेवा. रंगांना फार हात लावू नका. मुल्कीचं पाणी नदीच्या गाळाने हिरवट-तपकिरी असतं आणि ते तसंच दिसू द्या. निळं केलंत, तर तिथल्या मुलांनाही आपला किनारा ओळखू येणार नाही.

निवडलेले फोटो सर्फरना पाठवा, मोठ्या आकारात आणि लवकर. त्यांच्याकडे मोबाइलवरचे धूसर व्हिडिओच असतात. आपला बॉटम टर्न कसा दिसतो हे त्यांनी क्वचितच नीट पाहिलेलं असतं, आणि पुढच्या वेळी तेच येऊन सांगतात की उद्या सकाळी वाळूचा बांध कुठे सरकला आहे.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. प्रत्येक सकाळची एक ओळ : किनारा, तारीख, तिथी, भरतीची वेळ, वारा कुठून, कुठे उभी होते, किती फोटो ठेवले. ‘ससिहित्लू, कार्तिक शुद्ध दशमी, भरती ७.४०, मतलई, वाळूच्या टोकापासून उजवीकडे शंभर पावलं, ११.’ पुढच्या कार्तिकात तिकीट काढताना मी आधी ती ओळ वाचते.